बॉस्टनच्या पत्राचं दुसरं पान

आमच्या घरात अमेरिकेला जायची तयारी झाली ती सेहेचाळीस सालच्या दसऱ्याला. जायचं तेही ऐन थंडीत, बॉस्टन नावाच्या शहरात, सगळ्या कुटुंबानं मिळून सुट्टी घालवायला. हे वाचून तुमच्या भुवया वर गेल्या असतील तर खाली घ्या. मी खोटं सांगत नाही. थोडं वाढवून सांगते, ते कबूल. पण भाकरीसुद्धा थापली की वाढतेच, म्हणून तिला कुणी खोटी भाकरी म्हणत नाही.

आमचं गाव कऱ्हाडच्या खाली, कृष्णेकाठच्या गाळाच्या मळीवर. ऊस असा माजायचा की फडात शिरलेली म्हैस दोन वेतं होऊनच परत यायची. घरात माणसं सत्तावीस, आणि या सत्तावीस जणांचा एकमेकांवरचा विश्वास गोळा केला असता तर एका माणसाला न्याहारीपुरता झाला नसता. त्यात मामंजी, म्हणजे माझे सासरे, संशयाचे मूळपुरुष. रोज सकाळी माळवदावर चढून सूर्य उगवतीलाच उगवलाय ना, हे बघून मगच तोंडावर पाणी मारायचे. शेजारची कुत्री आमच्या पायरीवर आली की आधी स्वतःचाच वास घेऊन बघायची, आपण आपणच आहोत ना म्हणून.

अशा घरात मी चाळीस साली सून म्हणून आले. आठ महिने झाले आणि आमचे हे लष्करात गेले, मोटारीवर ड्रायव्हर. आधी मिसर, मग इटली. पाच वर्षांनी परत आले ते एक काळी पत्र्याची पेटी आणि कमी बोलायची सवय घेऊन. पेटीची किल्ली करदोट्याला. कमी बोलणारा माणूस आणि कुलूप लावलेली पेटी! आमच्या घरात एवढ्यावर तीन पिढ्या संशय खाऊन जगल्या असत्या.

त्यात गौरी उठल्या त्या आठवड्यात टपालवाल्यानं एक पुडकं आणून दिलं. त्यावर एवढी तिकिटं की पुडकं शोधायला तिकिटं बाजूला करावी लागत होती. अर्धा गाव सोप्यात जमला.

"उघडू नगा," मामंजी ओरडले. "आदी अंगनात ठिवा."

"आबा, लढाई संपली," हे म्हणाले.

"ते मला ठावं हाय. ह्या पुडक्याला ठावं हाय का?"

मग ते पुडकं तुळशीपासून दहा हात लांब ठेवून सगळे भिंतीआड बसले. एक कोंबडी जाऊन त्यावर उभी राहिली, तिला काही झालं नाही, तेव्हा मामंजींनी परवानगी दिली. आत निघालं काय? लोकरीचा लालभडक गळपट्टा, एक फोटो आणि दोन पानांचं इंग्रजी पत्र.

ह्यांना लष्करात राहून थोडंफार इंग्रजी येत होतं, पण घरच्या माणसाच्या वाचण्यावर घरचे विश्वास ठेवतील होय? शाळेतल्या मास्तरांना बोलावणं गेलं. मास्तर मॅट्रिकला इंग्रजीत दोनदा बसलेले, म्हणजे इतरांपेक्षा दुप्पट शिकलेले. त्यांनी चष्मा पुसला आणि एकेक वाक्य आधी इंग्रजीत म्हणून मग मराठीत सोडायला सुरुवात केली.

पत्र एका अमेरिकन शिपायाचं होतं. इटलीत त्याची गाडी बर्फात घसरून खड्ड्यात गेली होती. आमच्या ह्यांनी दोर लावून ती ओढून काढली आणि त्याला आपल्या गाडीत घालून इस्पितळात नेलं. तेवढ्या प्रवासात दोघांची दोस्ती झाली. आता तो घरी पोचला होता आणि म्हणत होता, येत्या थंडीत कुटुंब घेऊन माझ्या गावी या, आमच्याच घरी राहा.

"तो लिहितो," मास्तर म्हणाले, "आमचं शहर फार ऐतिहासिक आहे. तीनशे वर्षं जुनं."

"तीनशेच?" मामंजी म्हणाले. "आमच्या म्हसरं बांधायच्या दगडाला त्याच्यापरास जास्त झाली आसतील. म्होरं वाचा."

"बंदरावर नेऊन दाखवीन, म्हणतो. तिथं त्यांच्या पूर्वजांनी जहाजावर चढून चहाच्या पेट्याच्या पेट्या समुद्रात फेकल्या."

सोप्यात अशी शांतता पसरली की गोठ्यातली रवंथ ऐकू आली.

"कशापायी?" मामंजींनी विचारलं.

"इंग्रजांवरचा राग."

बेचाळीसच्या धामधुमीत आमच्या कणगीत ज्वारीपेक्षा लपलेली माणसं जास्त होती, तेव्हा इंग्रजांवरच्या रागाचं मामंजींना नवल नव्हतं. त्यांना वेगळंच खटकलं. "राग इंग्रजावर, मग च्या कशाला टाकला? च्या प्याचा आन् इंग्रज टाकायचा. असल्या उलट्या काळजाच्या लोकांत बायकापोरं घिऊन जायचं म्हंजी इचार कराया पायजे." मग ते म्हणाले, "आन् थंडीतच का बोलावतोय? पाव्हना खरंच पायजे आसंल तर मानूस आंब्याच्या दिसांत बोलावतो. थंडीत बोलावतो त्याला हात पायजे आसत्यात. त्येचा ऊस तोडाया आला आसंल."

"तिथं ऊस हुत न्हाई, आबा. बर्फ पडतंय."

"मंग बर्फ तोडाया!"

एवढ्यात मास्तरांनी पहिलं पान उलटलं, दुसऱ्यावर नजर टाकली आणि "अं..." म्हणून थांबले. त्याच क्षणी ह्यांनी हात लांब करून ते पान काढून घेतलं. घडी घातली, खिशात ठेवलं. "म्होरं काय न्हाई. रामराम-श्यामराम हाय नुसतं."

रामराम लिहायला अख्खं पान लागतं? मी स्वयंपाकघराच्या दारामागून बघत होते. माझ्या हातात पीठ होतं; त्या पिठाच्या मुठीची नंतर पार गोटी झालेली सापडली.

फोटो मात्र हातोहात फिरून आमच्या बायकांत आला. विटांचं एक घर, खिडकीपर्यंत चढलेलं पांढरं बर्फ आणि त्या बर्फात उभी राहून खदखदा हसणारी एक उंच बाई. एकटीच. थोरल्या जाऊबाईंनी फोटो उजेडाला धरला. त्यांची नजर अशी की मेथीच्या जुडीतला दुसऱ्याच्या वाफ्यातला दांडा ओळखायच्या.

"धाकटे, कपाळ बघ."

बघितलं. कपाळ मोकळं.

"गळा बघ."

गळ्यात काळा मणी नाही.

"हात बघ. एक काकन न्हाई. म्हंजी काय?"

म्हणजे काय ते मला सांगायची गरज नव्हती. आमच्याकडं असं कपाळ, असा गळा आणि असे हात फक्त एकाच बाईचे असतात.

"रांडाव हाय," जाऊबाईंनी निकाल दिला. "आन् हसतीया बघ कशी, दात मोजून घ्या म्हनतीया. आन् तो गळपट्टा काय बाप्यानं इनला व्हय? तांबडा रंग! आता तूच बघ बाई. तुजा मालक पाच वरसं तिकडं व्हता. मी काय बोलत न्हाई."

त्या 'मी काय बोलत न्हाई' म्हणाल्या की समजावं, सगळं बोलून झालं. मला तेव्हा हेसुद्धा सुचलं नाही की इटली आणि बॉस्टन यांच्यामध्ये एक अख्खा समुद्र आहे. नवऱ्यावर संशय आला की भूगोल कोण बघतो? माझा नवरा माझा आहे की त्या हसणाऱ्या बाईचा, एवढी एकच गोष्ट त्या दिवसापासून माझ्या डोक्यात जात्यासारखी फिरायला लागली. पत्र लिहिणारा शिपाई खरा की खोटा, कुणी सांगावं? बाईच पुरुषाचं नाव लावून लिहीत असेल. सुट्टीचं निमित्त करून हे जाणार आणि तिकडंच राहणार. वर तो गळपट्टा! भादव्याच्या उन्हात, सरडे सावलीत चक्कर येऊन पडत होते त्या दिवसांत, हे गळ्याला तो गुंडाळून मळ्यात जायचे.

दसऱ्याला सोनं वाटून झाल्यावर सोप्यात बैठक बसली. जायचं की नाही यावर नाही, कुणी जायचं यावर. खर्चाचा प्रश्न कुणी काढला नाही, कारण आपण जाणार यावर कुणाचाच भरवसा नव्हता; पण आपल्याला सोडून दुसरा कुणी गेला तर, ही भीती सगळ्यांना होती.

"मी हितं ऱ्हायलो," मामंजी म्हणाले, "आन् तुमी तिकडं परस्पर काय ठरवलं तर? मी येनार."

"मामंजी गेलं तर घरात सत्ता कुणाची चालंल ते मला ठावं हाय," जाऊबाई आतून म्हणाल्या. "आमी बी येनार."

असं करत करत सत्तावीसचे सत्तावीस तयार झाले. मग सामान निघालं. जाऊबाईंनी जातं घ्यायचं ठरवलं. परक्या जात्यावरच्या पिठाचा नेम नाही. कृष्णेचं पाणी चार कळशांत. तिकडच्या पाण्यात चहा टाकतात. मामंजींनी गुळाच्या ढेपा काढल्या. मग त्यांच्या लक्षात आलं की बैल दुसऱ्याच्या हातचा घास खात नाहीत. "मंग बैल बी घ्या." जहाजावर बैलांना चढवायला फळी किती रुंद लागेल, ते त्यांनी सोप्यात पावलं टाकून मोजलं. मी शपथेवर सांगते, सुताराला निरोपसुद्धा गेला होता.

या सगळ्या गोंधळात हे एका कोपऱ्यात बसून होते. एकदाच म्हणाले, "आबा, त्यानं खरं तर... तो म्हनत व्हता, नुसतं..." आणि थांबले.

"नुसतं काय?"

"काय न्हाई."

नुसतं मी एकट्यानं यावं, हेच ना! माझ्या मनात ते वाक्य तेव्हाच पुरं झालं होतं. तोंडावर विचारायची सोय नव्हती. त्या घरात दिवसाउजेडी नवऱ्याशी बोलणं म्हणजे चावडीवर कपडे वाळत घालण्यासारखं. तेव्हा मी ठरवलं, खिशातून त्या काळ्या पेटीत गेलेलं ते दुसरं पान मिळवायचं.

नरकचतुर्दशीला मिळालं. अभ्यंगस्नानाला बसताना माणूस करदोटा सोडत नाही, पण तेल लागून किल्ली सटकते म्हणून ह्यांनी ती खुंटीवरच्या सदऱ्यात ठेवली. थोरल्या जाऊबाई उटणं वाटत होत्या, मामंजी कारीट फोडून झालं तरी ते कडूच आहे का म्हणून दुसरं फोडत होते. ह्यांच्या अंगावर तिसरा तांब्या पडेपर्यंत मी पेटी उघडली, पान काढलं, पेटी लावली आणि किल्ली परत खुंटीवर. पान गेलं फराळाच्या डब्यात, करंज्यांच्या तळाशी. पाडव्याला ह्यांना ओवाळताना निरांजनाच्या उजेडात मी नीट बघून घेतलं, चेहरा चोराचा आहे का. खरं तर त्या घटकेला घरात चोर एकच होता आणि त्याच्याच हातात ताट होतं.

त्याच दुपारी माझा भाऊ भाऊबीजेसाठी मला न्यायला आला. माझं माहेर सांगलीला. भाऊ एका जैन व्यापाऱ्याच्या हळदीच्या वखारीत दिवाणजी. त्या गल्लीत हळद एवढी की चिमण्या पिवळ्या, मांजरं पिवळी, आणि म्हणे एका सालात पाऊससुद्धा खाली येईपर्यंत पांढरा असायचा, गल्लीत पडला की वरण. वहिनी तिथंच हळद निवडायला जायची. त्या व्यापाऱ्याची मुलगी कॉलेजात शिकत होती. इंग्रजी अशी वाचायची की पुस्तकच तिला घाबरून पानं उलटायचं.

मी तिला देवघरात नेलं, दार लावलं, पान पुढं केलं. "आदी शपथ घे. जे लिवलंय तेवढंच सांगायचं. कमी न्हाई, जास्त न्हाई."

"शपथ कशाला, अक्का? पत्रच तर आहे."

"तू म्हंतीस पत्र. माजा संसार हाय त्यो."

तिनं पान वाचलं. एकदा माझ्याकडं बघितलं, परत पानाकडं. कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

"सांग. त्या बाईचंच हाय न्हवं?"

"कुठली बाई? हां, ती फोटोतली? ती त्यांची बायको. फोटो त्यांनी स्वतः काढला, म्हणून ते त्यात नाहीत. गळपट्टा तिनंच विणलाय, तुमच्या यजमानांनी तिच्या नवऱ्याला वाचवलं म्हणून. तुमच्यासाठीही विणतेय, निळा."

"रांडाव बाईला नवरा कुटला?"

"अहो, तिकडं कुणीच कुंकू लावत नाही!"

"कुनीच?" मी विचारलं. "मग त्यास्नी कळतं कसं, कोन कुनाची?"

यावर ती कॉलेजातली मुलगी उत्तर शोधायला परत पानात बघायला लागली. कॉलेजात हे शिकवलं नव्हतं बहुतेक. मग तिनं पुढचं वाचलं, आणि आवाज आपोआप खाली आला.

तो शिपाई लिहीत होता: इस्पितळाच्या वाटेवर तुला मी विचारलं होतं, बायको कशी दिसते? तू म्हणालास, माहीत नाही. आधी मला वाटलं तू थट्टा करतोस. मग तू सांगितलंस की लग्नानंतर आठ महिने एका घरात राहिलो, पण दिवसाच्या उजेडात तिचा चेहरा मी नीट बघितलेला नाही. बाजारात समोर आली तर ओळखणार नाही. मी हसलो होतो. घरी आल्यावर हे बायकोला सांगितलं, ती हसली नाही. ती म्हणते, त्या दोघांना इकडं बोलवा. दोघांनाच. माडीवरची खोली तुमची. जेवायला हाक मारणार नाही. वाटेल तेव्हा खाली या, नाही तर येऊ नका. थंडीत इथं दिवस लहान असतो, पण उजेड बर्फामुळं फार लख्ख असतो.

मी म्हटलं, "परत वाच."

तिनं परत वाचलं. मी म्हटलं, उद्या परत ये. दुसऱ्या दिवशी पुन्हा वाचून घेतलं, पहिल्या दिवसाशी ताडून बघायला. दोन्ही दिवसांचं शब्दाला शब्द जुळलं, तेव्हा कुठं माझी खात्री पटली की पोरगी मनचं सांगत नाही.

बाईचा संशय गेला. मोकळं वाटायला हवं होतं ना? वाटलंही, एक पाणी पिण्यापुरतं. मग डोकं असं तापलं की त्यावर करंज्या तळून निघाल्या असत्या. म्हणजे हा माणूस मला ओळखतच नाही! मला आठवलं, लढाईवरून आला त्या दिवशी सोप्यात मी पाण्याचा तांब्या पुढं केला होता. पदर कपाळापर्यंत. तांब्या घेऊन हा म्हणाला होता, "लय बरं वाटलं, बाई." मला तेव्हा वाटलं होतं, लष्करानं अदब शिकवली. कसली अदब! समोर कोण आहे याचा पत्ताच नव्हता. आणि परत आल्यावर सहा महिने? दिवसा मान खाली, रात्री दिवा मालवलेला. सहा महिने काय, साठ वर्षं अशीच गेली असती.

तेव्हा दुसरी परीक्षा घ्यायची मी ठरवलं. माणूस माझा आहे, हे पत्रानं सांगितलं. आता त्यानं सांगायला हवं.

हे मला न्यायला आले चार दिवसांनी. मी वहिनीच्या मागं लागून त्या सकाळी वखारीत हळद निवडायला जाऊन बसले. आम्ही अकरा बायका, एका रांगेत, सारख्याच जुनेरातल्या, सगळ्या केसांपासून नखांपर्यंत पिवळ्या. ब्रह्मदेव आला असता तर त्यालाही आपण कुठली कधी घडवली ते सांगता आलं नसतं. वहिनीनं भावाला बजावलं होतं, पाव्हणे आले की वखारीत पाठवा, आणि 'बायको तिथं बसलीय, घेऊन जा' एवढंच सांगा.

हे दारात येऊन उभे राहिले. गळ्यात तो लाल गळपट्टा. एवढा उंच माणूस, पण दारातून आत येताना चोरासारखा. रांगेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत बघितलं. मग परत. मी मान वर करून सरळ त्यांच्याकडं बघत होते, पदर मुद्दाम खांद्यावर. छातीत असं धडधडत होतं की मला वाटलं शेजारच्या, जमिनीत खोल खणलेल्या पेवातली हळद वर येते का काय. त्यांची नजर माझ्यावरून गेली. थांबली? न थांबता गेली? पुढच्या एका म्हातारीवर थांबली, ते मात्र सगळ्यांनी बघितलं.

"बघता काय, पाव्हनं," एक बाई म्हणाली, "भाजी हाय व्हय, निवडून न्याया?"

"न्हाई तर दोघी घिऊन जावा," दुसरी म्हणाली, "एक बदलून आना उद्या."

सगळ्या खिदळल्या. मी नाही. माझ्या हातातलं हळकुंड मोडलं.

हे चवड्यांवर खाली बसले, आमच्या समोर. शांतपणे विडी काढली, परत खिशात ठेवली. आणि म्हणाले, "मला कुनाला उठवायचं न्हाई. माज्या पेटीतलं पान जिच्याजवळ हाय, तिनं उठावं. पाडव्यापासनं शोधतोय."

मी बसून राहिले.

"आन् न्हाई उठली तर मी बी हितंच बसतो. हळद निवडाया येती मला."

आणि खरंच सुपातली हळद ओढून घेतली, निवडायला लागले. चांगली हळकुंडं कचऱ्यात आणि कचरा चांगल्यात. तिसऱ्या मुठीला मला राहवलं नाही. "आवं, नासवताय सगळं! हिकडं द्या," म्हणत मी सूप हिसकावलं. तेव्हा त्यांनी वर बघितलं. चांगलं, टक लावून, लख्ख उन्हात, अकरा बायकांच्या देखत. पहिल्यांदा.

"तूच व्हय," ते म्हणाले.

आता ह्यांनी मला ओळखून मुद्दाम हळद नासवली, की हळद नासवल्यामुळं ओळखलं, हे मी त्यानंतर शंभर वेळा विचारलं. शंभर उत्तरं मिळाली. एकावरही माझा विश्वास नाही.

त्या दिवशी टांगा करून आम्ही माधवनगरच्या स्टेशनवर गेलो. गाडी आली. हे म्हणाले, "ही लय भरलीया." ती गेली. दुसरी आली, रिकामी. मी म्हणाले, "रिकामी का हाय? कायतरी घोटाळा आसंल." तीही गेली. मग आम्ही परत सांगलीत आलो आणि कृष्णेच्या घाटावर बसलो. बोलायला काही सुचेना. पाच वर्षांच्या लढाईत ह्यांना कुणी शिकवलं नव्हतं बायकोशी दिवसा काय बोलतात, आणि मला तर कुणीच कधीच. मग मीच विचारलं, "त्या बाईला कुंकू कसं न्हाई?" "तिथं लावत न्हाईत." "पुरावा काय?" "तू इचारशील तेवढं सांगतो, पन पुरावा कुटनं आनू?" "तर मंग जायाचं का बॉस्टनला?" त्यावर ते हसले. मी तोपर्यंत ह्यांना हसताना बघितलं नव्हतं. समोरचा एक दात अर्धा होता. तो कुठं पडला ते सांगायला संध्याकाळ झाली.

"आबांचे बैल जहाजावर चढायचे न्हाईत," ते शेवटी म्हणाले. "आन् सत्तावीस जनं घिऊन गेलो तर त्या बिचाऱ्याच्या माडीत आपल्याला जागा कुटली? तिथं बी आपन खाली मान घालूनच."

आम्ही भावाच्या घरी परतलो. दुसऱ्या दिवशीही गाडी चुकली. भाऊ वखारीत, वहिनी वखारीत, घर दिवसभर मोकळं. उंबऱ्यापासून मोरीपर्यंत ऊन. एवढंच सांगते. वाढवून सांगायची माझी सवय असली तरी इथं नाही वाढवणार.

तिसऱ्या दिवशी घरी पोचलो तर मामंजी वेशीतच उभे.

"दोन दिस कुटं व्हता?"

"गाडी चुकली," मी म्हणाले, आणि त्याच वेळी हे म्हणाले, "टांग्याचं चाक मोडलं."

मामंजींनी आधी ह्यांच्याकडं बघितलं, मग माझ्याकडं. माझा पदर कपाळावर आलेला नव्हता, हे माझ्याही तेव्हाच लक्षात आलं. मी तो तसाच राहू दिला. थोरल्या जाऊबाई दारातून आमच्या दोघांमधलं अंतर डोळ्यांनी मोजत होत्या.

"आबा, बॉस्टनचं जाऊ द्या," हे म्हणाले. "त्याला लिवतो, गुऱ्हाळ चालू झालं म्हनून."

"आत्ताच का जाऊ द्या? चार दिसांखाली जायाची घाई व्हती." मामंजी सोप्यात जाऊन बसले. मग मोठ्या मुलाला हाक मारून हळूच म्हणाले, पण आमच्या घरात हळू बोललेलं चार शिवारांत ऐकू जायचं: "पोरावर नजर ठिवता येती. सुनंवर ठिवता येती. ही दोघं एक झाली म्हंजी कुनावर ठिवायची? उद्यापासनं ह्यास्नी लांब लांब कामाला लावा."

दुसऱ्या दिवशी गुऱ्हाळ पेटलं. ह्यांना चुलवाणाच्या जाळात पिळलेल्या उसाची चिपाडं सारायला बसवलं आणि मला पार चरकाच्या पलीकडं, उसाची वाडी, म्हणजे हिरवे शेंडे, तोडायला. मधे उकळत्या रसाची काहील, काहिलीवर वाफ, वाफेच्या आड मामंजी घोंगडं पांघरून पहाऱ्यावर. मी कोयता खाली ठेवला, घाम पुसायच्या निमित्तानं पदर मागं सारला आणि वाफ हलायची वाट बघत उभी राहिले.